दादाचं राहून गेलेलं वाक्य

फोन आला तेव्हा मी बुलडाण्याच्या घरी मेथी निवडत बसले होते. फोनवर वहिनीचं नाव दिसलं आणि हातातली काडी हातातच राहिली, कारण वहिनी सकाळच्या कामाच्या वेळी कधी फोन करत नाही. तिकडून ती एवढंच म्हणाली, "शैलाताई... झालं." आणि मी काय विचारावं? कसं झालं, जवळ कोण होतं, त्रास झाला का, यातलं काहीच नाही. माझ्या तोंडून निघालं, "जायच्या आधी काही बोलला का गं?" वहिनी म्हणाली, "नाही." त्या 'नाही'वर मी जी रडले, ती दादा गेला म्हणून रडलेच नाही. तो जाणार हे आम्हाला कळून चुकलं होतं. पण त्याचं एक वाक्य अर्धं राहिलं होतं आणि ते कधीतरी पुरं होईल म्हणून आम्ही दोघी बायका जिवाचा कान करून बसलो होतो. ते राहूनच गेलं. भाजी तशीच टाकली, पिशवीत दोन साड्या कोंबल्या आणि चिखलीची एसटी धरली. सगळ्या रस्त्यात डोक्यात तेवढंच... नाही बोलला. नाहीच बोलला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ मधुकर. अमडापूरच्या शाळेत त्यानं नोकरीची बहुतेक वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळं त्या गावात त्याला नावानं कोणी ओळखत नाही. तिथं तो नुसता 'सर'. मेलेल्या माणसाला देव करून टाकायची आपल्याकडं फार हौस आहे. मला ते जमत नाही, आणि माझं तोंड फटकळ आहे हे सगळ्या भावकीला माहीत आहे. दादा चिडका होता. चहात साखर कमी पडली तर कप दूर सारायचा, सायकलवरून स्वतः पडायचा आणि शिव्या सायकलला घालायचा. कुणाच्या लग्नात जेवायला बसला तर वाढप्याशी वाद घालून उठायचा. पण पोरांना इंग्रजी शिकवायला उभा राहिला की हाच माणूस असा मऊ व्हायचा की मला कधीकधी हेवा वाटायचा. मला मेल्यानं कधी एवढ्या शांतपणे काही शिकवलं नाही.

त्याची पहिली नोकरी संग्रामपूरला होती. मी कॉलेजच्या सुट्टीत त्याच्या भाड्याच्या खोलीवर गेले होते, तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी शाळेतून आला तो चप्पल न काढताच खाटेवर बसला. म्हटलं, काय झालं? तर म्हणाला, आज वर्गात 'हॅव' शिकवत होतो. पुस्तकात वाक्यं होती, आय हॅव अ डॉल, आय हॅव अ बॅट. सगळ्या वर्गाकडून घोकून घेत होता. तर एक पोरगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, माह्याजोळ डॉल नाही. खोटं कसं बोलू?" दादा हसत नव्हता. म्हणाला, "शैले, तिले खाली बस म्हननार होतो मी. पन तिचं बरोबर हाये ना वं. मराठीत आपन घरात नाही ते हाये म्हनत नाही. मंग इंग्रजीत काऊन म्हनाचं?"

दुसऱ्या दिवसापासून त्यानं पुस्तकातली वाक्यं बंद केली. फळ्यावर फक्त 'आय हॅव' लिहायचं आणि पुढं मोकळी जागा सोडायची. एकेकानं उभं राहायचं आणि ज्याच्या घरात जे खरंच आहे तेच सांगायचं. शब्द येत नसेल तर मराठीत सांगा, इंग्रजी मी देतो. पोरं पहिल्यांदा बावरली, मग अशी सुटली की विचारू नका. आय हॅव अ गोट. आय हॅव थ्री सिस्टर्स. आय हॅव फीवर. एक जण म्हणाला, आय हॅव नो चप्पल, तर दादानं त्यातलं चप्पल तसंच ठेवलं. मग शेजारच्यानं उठून त्याच्याबद्दल सांगायचं, म्हणजे 'ही हॅज', 'शी हॅज' आपोआप तोंडात बसायचं. त्यानंतर यायचा 'हॅड'चा दिवस. त्या दिवशी घरात जे होतं आणि आता नाही, ते सांगायचं. आय हॅड अ बुलक. आय हॅड अ सिल्व्हर चेन. त्या दिवशी वर्ग जरा दबूनच असायचा, दादा सांगायचा. एक पोरगा उठला आणि म्हणाला, आय हॅड अ फादर, आणि बसला. दादा त्याला व्हेरी गुड म्हणाला नाही. तो नुसता त्याच्या बाकाजवळ जाऊन उभा राहिला म्हणे, तास संपेपर्यंत.

आणि याच वर्गात ती दुसरी सवय लागली, जिच्या नावानं आज मी बोटं मोडते. कोणी लाजलं, अडलं, 'आय हॅव' म्हणून पुढं गप्प झालं, की दादा हात वर करायचा आणि सगळा वर्ग ओरडून त्याचं वाक्य पुरं करायचा. सगळ्यांना सगळ्यांची घरं माहीत. "गोट, सर! त्याच्या घरी गोट हाये!" "म्हैस बी हाये, सर!" मग तो पोरगा हसत हसत पुन्हा म्हणायचा, आय हॅव अ गोट. अडला त्याले सगळ्यायनं उचलाचं, हा माह्या वर्गाचा नियम, असं दादा अभिमानानं सांगायचा. त्याच्या वर्गात एकही पोर मान खाली घालून एकटं उभं राहिलं नाही. संग्रामपूरहून त्याची बदली अमडापूरला झाली आणि ही पद्धतही त्याच्याबरोबर आली. पुढं पुढं तर अशी गंमत झाली की चिखलीच्या गाडीत कंडक्टर त्याला बघून म्हणायचा, "सर, आय हॅव नो चिल्लर," आणि मागच्या सीटवरून दोघं-तिघं ओरडायचे, "ही हॅज, सर! त्याच्या वरच्या खिशात हाये!" सगळी गाडी हसायची. दादा सगळ्यात मोठ्यानं.

सुमनवहिनी देऊळगाव राजाकडची. लग्न होऊन ती थेट अमडापूरलाच आली. त्यांना मूल झालं नाही. डॉक्टर झाले, नवस झाले, मग दोघांनी तो विषय बंद केला, म्हणजे घरात बंद केला. बाहेरच्यांनी कुठं केला? हळदीकुंकवात तिच्यापर्यंत आलं की बायकांचा आवाज खाली जायचा, हे मी स्वतः पाहिलंय आणि दोघी-तिघींना तिथल्या तिथं झाडलंयही. त्यांचं घर शाळेच्या भिंतीला लागून. दादाच्या वर्गाची खिडकी वहिनीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. म्हणजे ती बाई आयुष्यभर भाकरी थापता थापता दुसऱ्यांच्या पोरांकडून ऐकत राहिली, कुणाकडं काय काय आहे ते. एकदा वर्गातल्या एका आगाऊ पोरीनं विचारलं, "सर, आमी सांगतो, तुमी कधीच सांगत नाही. तुमच्याजोळ काय हाये?" वहिनीचा हात पिठात तसाच थांबला म्हणे. आणि दादा म्हणाला, "आय हॅव ऑल दीज डाँकीज." वर्ग खो खो हसला. त्या दिवाळीत वहिनीनं मला हे हसत हसतच सांगितलं, पण सांगून झाल्यावर म्हणाली, "ताई, घरी बायको हाये म्हनाले असते तं काय जीभ झडली असती का?" मी तिची समजूत घातली. अगं, आपल्याकडं कुठला नवरा चारचौघांत बायकोचं नाव काढतो? त्यानं जन्मभर तिला 'अवं' म्हटलं आणि तिनं त्याला 'अवो'. ती म्हणाली, "हाव, ते बी खरंच." एवढ्यावर ते बोलणं संपलं. तिच्या मनातून ते गेलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

रिटायर झाल्यावर तीन-चार वर्षं बरी गेली. मग एके दिवशी सकाळी आंघोळीला बसलेला असताना त्याच्या हातातून मग पडला. वहिनीनं हाक मारली, तर आतून भलताच आवाज आला. चिखलीला नेलं, तिथून त्यांनी तसंच संभाजीनगरला पाठवलं. मेंदूत गुठळी. उजवा हात, उजवा पाय गेला. पाय पुढं थोडा आला, पण बोलणं गेलं ते गेलंच. कळत सगळं होतं त्याला. कोण आलं, कोण गेलं, भाजीत मीठ कमी आहे, सगळं. फक्त तोंडाशी काही येत नव्हतं. पाणी हवं असलं की 'ता ता' म्हणायचा, आणि आपण चुकीचं म्हणतोय हेही त्याला कळायचं, मग डाव्या मुठीनं गादी बडवायचा. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांना बोलतं केलं त्याच्यावर ही वेळ यावी? मी देवाधर्माची बाई, पण त्या दवाखान्याच्या जिन्यात बसून मी देवाला नाही नाही ते बोलले. अजूनही माझा राग गेलेला नाही.

तिथं बोलणं शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, वयानं लहान, पण समजावून सांगणाऱ्या. त्या आम्हा दोघींना म्हणाल्या, "सरांनी आयुष्यभर जे घोकलंय ते आधी बाहेर येईल. ते आलं म्हणजे बोलणं आलं असं समजू नका. पण ते आलं की त्याच्या पुढचा शब्द त्यांचा त्यांना शोधू द्या. कितीही वेळ लागू द्या, तुम्ही शब्द द्यायचा नाही. तुम्ही देत राहिलात तर ते शोधणंच सोडून देतील." वहिनीनं विचारलं, "म्हन्जे आमी नुसतं बसाचं?" मॅडम म्हणाल्या, "हो, नुसतं गप्प बसायचं. तेच सगळ्यात अवघड आहे." वहिनीनं मान हलवली. मला मनात हसूच आलं. म्हटलं, बसायला काय लागतं? अमडापुरात आजारी माणसाच्या घरात शांत बसणं म्हणजे काय असतं, हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं.

घरी आल्यावर काही आठवड्यांनी, वहिनी त्याचं तोंड पुसत असताना, तो स्पष्ट म्हणाला, "आय हॅव." वहिनीच्या हातातला पंचा थांबला. तिनं मॅडमचं ऐकलं. काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. दादाही तिच्याकडं बघत होता. कपाळावर घाम, ओठ हलताहेत, पुढचं काही येत नाही. शेवटी दमून त्यानं डोळे मिटले. पण वहिनीनं मला लगेच फोन लावला. "ताई, पुढं काही तरी म्हनाचं होतं त्यायले. माह्याकडंच पाहून राह्यले होते." त्या दिवसापासून त्या बाईचा सगळा जीव तिथं जाऊन बसला. 'आय हॅव'च्या पुढं तो काय म्हणतो? इतकी वर्षं वर्गातल्या सगळ्या पोरांनी सांगितलं, आता हा काय सांगतो? तिला औषधं, व्यायाम, मालिश कशाचाच कंटाळा नव्हता. तिला फक्त ते पुढचं ऐकायचं होतं. आणि त्या आनंदात तिनं दूधवाल्याला सांगून टाकलं की सर बोलले. तिची चूक झाली ती एवढीच, तीही बिचारीनं हरखून केली.

दुपारपर्यंत गावाला कळलं. संध्याकाळपासून रीघ लागली. आपल्याकडं आजाऱ्याला भेटायला गेलं नाही तर तोंड दाखवायला जागा राहत नाही, आणि भेटायला आलेल्याला दारातून परत लावलं तर जन्मभर बोलणी खावी लागतात. त्यातून बाजाराचा दिवस असला की आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं भाजीच्या पिशव्यांसकट यायची. केळी, बिस्किटाचे पुडे, शहाळी. सगळे त्याचेच विद्यार्थी. कोणी आता आजोबा झालेले, कोणी दुकानदार, कोणी पोलीस. खोलीत खुर्च्या पुरत नव्हत्या, तर खाली सतरंजीवर बसायचे. वहिनी सारखी चहा टाकतेय. आणि मग कोणीतरी म्हणायचं, "सर, म्हना ना, आय हॅव!" दादा म्हणायचा. खरंच म्हणायचा, त्यांच्याकडं बघून त्याला उमाळा यायचा. "आय... हॅव..." आणि तो पुढं शोधायला लागायच्या आत सगळी खोली ओरडायची. "पेन्शन, सर!" "सायकल!" "गॉगल, सर!" टाळ्या वाजवायचे, हसायचे, डोळे पुसायचे. कोणी मोबाइलवर त्याचं चित्रण करून पाठवायचं, सर सुधारून राह्यले म्हणून. दादा पहिल्यांदा हसला. हसून मान हलवली. मग त्याचं तोंड उघडंच राहायला लागलं. आणि मग, मॅडमनी सांगितलं होतं अगदी तसं, त्यानं शोधणं सोडून दिलं. 'आय हॅव' म्हणायचा आणि आमच्या तोंडाकडं बघायचा, कोण शब्द देतंय म्हणून.

ते बघून मी बुलडाण्याहून येऊन तिथंच मुक्काम ठोकला. पहिल्याच संध्याकाळी ओरडले सगळ्यांवर. "अहो, जरा गप्प बसाल का? त्याला त्याचं बोलू द्या ना!" बियाण्यांचं दुकान असलेला एक जण, चांगला पन्नाशीचा, उठून उभा राहिला, वर्गात राहतात तसा. म्हणाला, "आत्या, रागावू नका. सरायनंच शिकवलं आमाले. अडला त्याले सगळ्यायनं उचलाचं." त्याच्या आवाजात मस्ती नव्हती हो, माया होती. शिव्या देणारा माणूस असता तर मी त्याला दाराबाहेर काढला असता. हा तर रडत होता. वहिनीनं मला आत ओढलं. म्हणाली, "अवो ताई, लोक मायेनं येऊन राह्यले. त्यायले भाईर काढू का मी? उद्या गावात कोन्या तोंडानं फिरू?" आमची दोघींची जुंपली. मी म्हटलं, तुला गाव पाहिजे की दादाचं बोलणं? ती गाळणीतला चोथा झटकत बसली. रात्री जेवलो नाही दोघीही.

पण दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच पुढच्या दाराला कडी लावली. कोणी आलं की मी खिडकीतून सांगायची, झोपलेत, डॉक्टरांनी नाही म्हटलंय. लोक मुकाट्यानं परत जायचे. काही बोललेच, बहिणीनं माणसं तोडली म्हणून. बोलू देत, मी काय घाबरते? घर शांत झालं. आम्ही दोघी त्याच्या खाटेजवळ बसायचो, ती वाती वळायची, मी काहीतरी निवडत असायची. सुरुवातीला तो 'आय हॅव' म्हणून आमच्या तोंडाकडं बघायचा आणि आम्ही ओठ घट्ट मिटून घ्यायचो. काय यातना असतात हो त्या! समोर माणूस बुडतोय आणि आपण हात मागं बांधून बसलोय, असं वाटायचं. पण हळूहळू त्यानं आमच्या तोंडाकडं बघणं सोडलं. पुन्हा स्वतःशी शोधायला लागला. कपाळावर ती आठी परत आली. मला इतका आनंद झाला त्या आठीचा.

आणि मग ती दुपार आली. वहिनी त्याच्या पायाला तेल लावत होती. तो एकाएकी उशीवरून जरा उठला, डाव्या हातानं त्यानं तिचं मनगट धरलं. "आय," म्हणाला. थांबला. "आय... हॅव..." वहिनी वर बघेना, हलेना. त्याचे ओठ एकत्र आले, सुटले, पुन्हा आले. त्याला सापडलं होतं. मी त्याची बहीण आहे, मला त्याचा चेहरा कळतो. त्याला सापडलं होतं आणि ते ओठांशी येत होतं... तेवढ्यात परसदार धाडकन उघडलं. गजू. गजानन, दादाचा लाडका विद्यार्थी, घरचं दळण गिरणीतून आणून देणारा. पुढचं दार बंद दिसलं म्हणून घरच्यासारखा मागून आला. हातात पेढ्यांचा बॉक्स, अंगात धाप, डोळ्यांत पाणी. लग्नाला बरीच वर्षं होऊनही त्याला मूल नव्हतं. तो सरळ दादाच्या पायांवर पडला. "सर! आय हॅव अ सन! सर, सगळ्यायच्या आंधी तुमालेच सांगाले आलो. आय हॅव अ सन, सर!"

कोणाला दोष द्यायचा? त्या पोराला? सगळ्यात मोठी गोष्ट घडली आणि तो धावत त्याच्या सरांकडं आला, सरांनीच शिकवलेलं वाक्य घेऊन. दादाचा हात वहिनीच्या मनगटावरून सुटला. त्यानं तो हात गजूच्या डोक्यावर ठेवला, बराच वेळ ठेवला. मग भिंतीकडं तोंड केलं. वहिनी उठली, पदरानं हात पुसले, गजूच्या तळहातावर साखर ठेवली, त्याच्या हातचा पेढा खाल्ला. "बायको बरी हाये ना बाबू? बाळाचं वजन कितीक हाये?" असं सगळं रीतीनं विचारलं. मी आत जाऊन तोंडात पदर कोंबला. गजू गेल्यावर आम्ही पुन्हा खाटेजवळ येऊन बसलो. संध्याकाळ झाली, दिवे लागले. दादानं तोंड वळवलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. ते दोन शब्दसुद्धा पुन्हा त्याच्या तोंडून आले नाहीत. पाण्यासाठी 'ता ता' तेवढं राहिलं. वहिनी तरी वाट बघत राहिली. मला म्हणायची, तुमी जा ताई, घरी तुमची कामं असतीन, मी बसतो. मी गेले बुलडाण्याला. थंडीत त्याला ताप आला, छातीत कफ भरला आणि एका पहाटे संपलं. सगळी शाळा, सगळा बाजार बंद होता त्या दिवशी. एवढी माणसं मी अमडापुरात कधी बघितली नव्हती.

तेरवीला पोरांनी शाळेच्या फाटकावर मोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर दादाचा फोटो आणि खाली इंग्रजीत, वुई हॅड अ टीचर. व्याकरणात कुठं चूक काढायला जागा नव्हती. एकेक जण माइकवर येऊन बोलत होता आणि शेवटी सगळ्यांनी मिळून ते वाक्य मोठ्यानं म्हटलं. लोक धाय मोकलून रडत होते. मला तो फ्लेक्स टराटरा फाडावासा वाटला. त्यांनी दादाचं सगळं पुरं करून टाकलं होतं, त्याचं आयुष्यसुद्धा. मला खूप जण म्हणाले, एवढं प्रेम कोणाच्या वाट्याला येतं? खरं आहे. पण त्या प्रेमानं त्याच्या तोंडातला शब्द घेतला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा घेतला, आणि त्याला परत काहीही मिळालं नाही. यातून काही चांगलं शोधा असं मला कोणी सांगू नये. मी शोधून दमले. यात चांगलं काही नाही.

मागच्या आठवड्यात वहिनीला भेटायला गेले होते. खाट तिनं काढलेली नाही. गादीही तशीच आहे, डावीकडं जिथं तो मूठ आपटायचा तिथं ती दबलेली आहे. दुपारचं जेवण झालं की ती त्या खाटेच्या कडेला खाली बसते, हातात काही काम नसतं. मीही जाऊन बसले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "ताई, त्या दिवशी त्यायले काय म्हनाचं असंन वो? घर म्हनाचं असंन? का पोरगं नाही, असं म्हनाचं असंन?" मला ते ऐकवेना. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "वहिनी, वेडी आहेस का? मनगट तुझं धरलं होतं त्यानं. तुझंच नाव घेणार होता तो." मला खात्रीच होती. अजूनही आहे. वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. रडली नाही, रागावलीही नाही.

"तुमी बी सांगूनच टाकलं ना ताई," ती म्हणाली.